व्हॅम्पायरच्या इतिहासाला पुरावा लागतो, आपल्या इतिहासाला लागत नाही

आमच्या शाळेत नववीच्या दोन पोरांची मारामारी झाली. कारण ऐकून हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. एकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर साडेपाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या व्लाद नावाच्या युरोपातल्या सरदाराचं चित्र होतं, लांब मिशा, लाल टोपी, आणि खाली मजकूर असा की तुर्कांना हीच भाषा कळते. दुसऱ्यानं रात्री सुलतान मेहमदचा फोटो चढवला. म्हणजे मेहमदची भूमिका करणाऱ्या नटाचा. खऱ्या मेहमदचा फोटो कुठून येणार? खाली तलवारीची तीन चिन्हं. सकाळी प्रार्थनेच्या आधीच एकाचा शर्ट फाटला आणि दुसऱ्याचा ओठ.

दोघांपैकी एकालाही रुमानिया नकाशात दाखवता आला नसता. एक चिखलीचा, एक काळेवाडीचा. दोघांचे वडील चाकणच्या रस्त्यावर एकाच वेळी कंपनीच्या बसमध्ये चढतात.

स्टाफरूममध्ये निदान दहा मिनिटांत झालं. "हे सगळं त्या गेममुळं. व्हॅम्पायर काय, ड्रॅक्युला काय, पोरांची डोकी फिरली आहेत." मग ठरलं की वर्गात गेमचा विषय काढणाऱ्या मुलाच्या पालकांना बोलवायचं. त्याच संध्याकाळी मशिदीबाहेर चहा पिताना आपल्यातल्या एका बुजुर्गांनीही तेच सांगितलं, फक्त शब्द वेगळे होते: खुराफात, लहव, वक्ताची बरबादी. हिंदू-मुस्लिम एकमत हल्ली दुर्मीळ झालंय. ते झालं तेही चुकीच्या मुद्द्यावर.

मी तिथं जे पुटपुटलो ते इथं मोठ्यानं लिहितो. ज्या पोरांना तुम्ही व्हॅम्पायरच्या नादानं बिघडलेली म्हणता, त्यांची इतिहास तपासण्याची रीत तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली आहे. मारामारी करणाऱ्या दोघांपैकी एकानंही तो गेम खेळलेला नव्हता. त्यांना व्लाद आणि मेहमद मिळाले ते घरातल्या मोठ्यांच्या ग्रुपमधून.

माझा एक भाचा आहे. डिप्लोमा झालाय, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ट्रेनी आहे. सेकंड शिफ्ट सुटली की रात्री एकला घरी येतो आणि जुन्या बाजारातून घेतलेल्या कॉम्प्युटरवर 'स्कायरिम' उघडतो. ११ नोव्हेंबर २०११ ला आलेला गेम, म्हणजे हा पोरगा तेव्हा प्राथमिक शाळेत असेल. २०१२ मध्ये त्याला 'डॉनगार्ड' नावाची पुरवणी जोडली गेली आणि तिच्यात लॉर्ड हार्कन नावाचा व्हॅम्पायर आला. समुद्रातल्या बेटावर किल्ला, बायको व्हॅलेरिका, मुलगी सेराना, भोवती रक्त पिणारा दरबार.

मी एकदा त्याच्या टेबलावर जॉब कार्डांचा गठ्ठा पाहिला. वाटलं, कंपनीचं काम घरी आणलंय. उलटून बघितलं तर पाठीमागे पेन्सिलीनं सनावळ्या. विचारलं तर म्हणाला, "मामू, सेरानाला शवपेटीत कधी कोंडलं ते काढतोय."

आता हे नीट ऐका, कारण माझ्या बी.एड.च्या दोन सत्रांत इतिहासाच्या पद्धतीवर जे शिकवलं नाही ते त्या गठ्ठ्यात होतं.

गेममध्ये हार्कन स्वतःची कहाणी स्वतःच सांगतो. मी एके काळी माणसांचा राजा होतो, राज्य अफाट होतं, संपत्तीला अंत नव्हता, पण मरण जवळ येत होतं; म्हणून मोलाग बाल नावाच्या सैतानी शक्तीला शरण गेलो आणि तिच्या नावानं हजार निरपराधांचा बळी दिला. बस. कुठलं राज्य, कुठल्या काळात, हजार माणसं कुठली, काही नाही. त्या जगात कपाटांमधून शेकडो पुस्तकं ठेवलेली आहेत, युगायुगांचे इतिहास आहेत, पण हार्कन हे राजाचं नाव कुठल्या वंशावळीत सापडत नाही.

मग चाहत्यांची डोकी चालू होतात. एक म्हणतो, तो लहानसा मांडलिक होता, 'अफाट राज्य' ही फुशारकी. दुसरा म्हणतो, नाव मुद्दाम पुसलं गेलं. तिसऱ्याची शंका सगळ्यात भारी: या सगळ्याला साक्षीदार कोण? हार्कन. आणि हार्कन कोण? आरोपी. आपल्या गुन्ह्याला राजेशाही मुलामा देण्यात त्याचा फायदा आहे, तेव्हा त्याचं विधान तेवढ्यावरच मान्य करता येत नाही.

दुसरा धागा मुलीचा. सेराना शेकडो वर्षांनी पेटीतून बाहेर येते आणि विचारते, गादीवर कोण? तिला साम्राज्याबद्दल कळतं तेव्हा ती चकित होते की सिरोडिल हे साम्राज्याचं केंद्र झालंय. एवढ्या एका आश्चर्यावर पोरांनी काळ काढलाय. त्या जगात सिरोडिलमधलं पहिलं साम्राज्य पहिल्या युगाच्या २४३ साली गुलामांच्या बंडातून उभं राहिलं. म्हणजे ती त्याआधी झोपली असणार. गेम घडतो चौथ्या युगाच्या २०१ साली, म्हणजे काही हजार वर्षं उलटली. पण थांबा, दुसरा गट म्हणतो. दुसऱ्या युगात एक साम्राज्य कोसळल्यावर चारशेहून जास्त वर्षं गादी रिकामी होती, तिथं कोंडली गेली असेल तरी ती असंच बोलेल. पहिला गट उत्तर देतो: तसं असतं तर तिनं जुनं साम्राज्य ऐकलेलं असतं, 'पुन्हा झालं का' असं विचारलं असतं. भाच्याच्या कार्डावर दोन्ही बाजू होत्या आणि खाली लिहिलं होतं: नक्की नाही.

'नक्की नाही'. चार मोठ्या अक्षरांत. मला सांगा, आपल्या कुठल्या ग्रुपवर इतिहासाच्या कुठल्या पोस्टखाली तुम्ही हे दोन शब्द शेवटचे कधी वाचले?

त्यानं मला आणखी एक भेद समजावला. गेम बनवणाऱ्यांनी जे ठरवलंय ते 'कॅनन'. आपल्या मनानं जोडलं ते 'हेडकॅनन'. दोन्हींची सरमिसळ केली तर बाकीचे पोरं फाडून खातात. सातारचा त्याचा एक शिफ्टमित्र आहे, त्यानं भाच्याचा एक सिद्धांत एका वाक्यात पाडला म्हणे, "हे पुस्तकात लिहिलंय का तुला वाटतंय?" तीन दिवस भाचा गप्प होता. मग कार्ड फाडून टाकलं. कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत.

आता खऱ्या व्लादकडे येऊ, कारण जगातली सगळ्यात गाजलेली चाहत्यांची थिअरी हीच आहे: ड्रॅक्युला म्हणजे व्लाद. हा खरा इतिहास असल्यासारखा शिकलेली माणसंही बोलतात.

ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ ची. १८९० मध्ये तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर व्हिटबी गावी सुट्टीला गेला होता, तिथल्या ग्रंथालयात त्याला विल्किन्सन नावाच्या माणसाचं १८२० चं पुस्तक मिळालं. त्यात वॉलेकियाच्या एका ड्रॅक्युला नावाच्या सरदाराचा जेमतेम उल्लेख आणि तळटीप होती की या शब्दाचा अर्थ तिकडच्या भाषेत सैतान. स्टोकरला नाव आवडलं, त्यानं उचललं. त्याच्या कादंबरीत व्लाद हे नाव येत नाही, त्याच्या टिपणांतही नाही, माणसं सुळावर चढवण्याचा उल्लेख नाही. त्याचा काउंट स्वतःला झेकेली वंशाचा म्हणवतो, खरा व्लाद तो नव्हता. तुर्कांशी लढलेला जुना सरदार एवढा पुसट इशारा आहे, बास.

मग दोघांना एक कुणी केलं? गंमत बघा. एका तुर्कानं. १९२८ मध्ये अली रिझा सेयफी यांनी 'ड्रॅक्युला'चं तुर्की रूपांतर केलं, नाव दिलं 'कझिक्ली वॉयवोडा', म्हणजे सुळावर चढवणारा सरदार, आणि काउंटला सरळ व्लाद करून टाकलं. १९५३ मध्ये त्यावरून इस्तंबूलमध्ये चित्रपटही निघाला. पश्चिमेत ही कल्पना घरोघरी गेली ती १९७२ साली मॅकनॅली आणि फ्लोरेस्कू यांच्या पुस्तकानंतर, आणि १९९२ मध्ये कोपोलाच्या चित्रपटानं तिच्यावर शिक्का मारला. म्हणजे काळेवाडीच्या आमच्या पोराला ज्या चित्रानं चिथावलं, त्या चित्रातल्या माणसाला रक्तपिपासू करण्यात पहिला हात एका मुसलमान लेखकाचा होता. आणि चिखलीचा पोरगा ज्याला धर्मवीर समजून मिरवत होता त्याला काउंटशी आधी जोडलं ते त्या रूपांतरानंच.

खरा व्लाद काय होता? त्याच्या बापानं त्याला आणि धाकट्या राडूला लहानपणी सुलतान मुरादकडे ओलीस ठेवलं. १४४८ मध्ये तो पहिल्यांदा गादीवर बसला तो तुर्कांच्याच पाठिंब्यानं. थोड्या आठवड्यांत गादी गेली. १४५६ मध्ये परत आला तो हंगेरीच्या मदतीनं. १४६२ च्या फेब्रुवारीत त्यानं हंगेरीच्या राजाला पत्र लिहून २३,८८४ माणसं मारल्याचा हिशेब दिला; आकडा त्याचा स्वतःचा आहे, म्हणजे पुन्हा हार्कनसारखंच, आरोपीची साक्ष. फक्त इथं आरोपी शाबासकी मागत होता. मारलेल्यांत तुर्कांबरोबर बल्गेरियन होते. त्याआधी त्यानं ब्राशोवकडच्या जर्मन व्यापाऱ्यांना, म्हणजे ख्रिश्चनांना, सुळावर चढवलं होतं. त्याच्या क्रौर्याच्या सगळ्यात भयानक गोष्टी जर्मन भाषेत छापल्या गेल्या, तुर्कीत नव्हे. रशियन परंपरेत तोच कठोर पण न्यायी ठरतो. आणि त्याला बारा-तेरा वर्षं कैदेत ठेवणारा राजा मॅथियास कॉर्व्हिनस ख्रिश्चन होता. त्याच्या जागी गादीवर बसला त्याचा धाकटा भाऊ राडू, मेहमदच्या फौजेच्या आधारानं.

आता यात 'आपले' कोण आणि 'त्यांचे' कोण, शोधून दाखवा.

मी आपल्या लोकांनाही सोडणार नाही. दुसरी बाजू व्लाद लावते म्हणून आपण मेहमद लावतो, हा काय जवाब झाला? २०२२ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सवर मेहमद आणि व्लादची मालिका आली तेव्हा आमच्या मोहल्ल्यातली पोरंच काय, चाळिशीचे बाप्येही दोन-दोन वाजेपर्यंत जागत होते. बघा, मीही बघितली. पण मेहमदनं गादीवर आल्यावर तान्ह्या सावत्र भावाला मारवलं हे कुणी स्टेटसला लावलं नाही. सुलतान हा सुलतान असतो, तो तुमच्या नमाजेचा इमाम नाही. चिंचवडच्या मुसलमानाला भाड्याचं घर मिळत नाही या दुःखावर पंधराव्या शतकातल्या इस्तंबूलच्या तोफांचं मलम लावून काय उपयोग?

आणि ही स्टेटसची गंमत आता गंमत राहिलेली नाही. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या स्टेटसवरून शहर बंद झालं, दगडफेक झाली. २०२५ च्या मार्चमध्ये 'छावा' बघून लोक बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या शिवारात टॉर्च घेऊन मोगलांचं सोनं खणायला रात्री जमले. त्याच महिन्यात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपूर पेटलं, संचारबंदी लागली. शेतात खड्डे खणणाऱ्यांना आपण हसलो. पण त्या खड्ड्यात आणि आपल्या ग्रुपमध्ये फरक एवढाच की त्यांनी निदान खणून बघितलं, सोनं आहे की नाही.

नववीतल्या पोराचं नाव एकदा पोलीस चौकीच्या कागदावर चढलं की पुढं आयटीआयचा प्रवेश, कंपनीचं पोलीस व्हेरिफिकेशन, पासपोर्ट, सगळीकडे ते नाव आधी पोचतं. आपल्या पोरांच्या बाबतीत तर लवकरच पोचतं. म्हणून मला हार्कनच्या वंशावळीत वेळ घालवणारा भाचा परवडतो.

बुजुर्गांच्या 'खुराफात'वर एक शब्द. उर्दू शिकवतो, म्हणून सांगतो. लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं दास्तान-ए-अमीर हमजा छापली, सगळे मिळून ४६ जाडजूड खंड. त्यातल्या तिलिस्म-ए-होशरुबात अफरासियाब नावाचा जादूगारांचा बादशहा आहे, त्याच्यापुढं हार्कन म्हणजे ग्रामपंचायतीचा सदस्य. आणि नायक कोण? अमीर हमजा. हजरत हमजा हे रसूलुल्लाहचे चुलते, उहुदच्या लढाईत शहीद झाले, हे प्रत्येक मुसलमान पोराला पाठ असतं. दास्तानीतला हमजा देवांशी लढतो, पऱ्यांच्या मुलुखात अठरा वर्षं काढतो. आपल्या आजोबा-पणजोबांना दोघांतला फरक कळत होता. गालिब पावसाळ्यात दास्तानीचे खंड हाताशी आल्यावर कसा खूश झाला हे त्यानं पत्रात लिहून ठेवलंय. काही उलेमांना दास्तान खटकायची, तीही नोंद आहे. पण दास्तान ऐकून कुणी हमजाच्या नावानं शेजाऱ्याचं डोकं फोडलं नाही. इतक्या नाजूक जागी ज्यांनी कहाणी आणि इतिहास वेगळे ठेवले, त्यांची नातवंडं आपण.

मराठीचीही हीच शहाणीव. आपला वेताळ घ्या. बर्टननं १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना वेताळाला बेधडक 'व्हॅम्पायर' करून टाकलं. आपला वेताळ रक्त पीत नाही, कोडी घालतो. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे, गावोगावी तो वेशीवर दगड होऊन बसलाय. राजाच्या खांद्यावर बसून तो विचारतो, सांग, चूक कुणाची? आणि उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. आमच्या ग्रुपच्या ॲडमिनना हा नियम लागू केला तर हेल्मेट पुरायचे नाहीत.

चाकणचं बघा. कंपन्यांच्या कंटेनरमधून वाट काढत गावात गेलात तर संग्रामदुर्गाचा थोडा तट आणि खंदक अजून दिसतो. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शाइस्ताखानाच्या फौजेला जवळपास दोन महिने इथं अडवून धरलं, हे सगळ्यांना ठाऊक, आणि ठाऊक असायलाच हवं. पण त्याच चाकणात त्याच्या दोनशे वर्षं आधी बहमनी काळात एक कत्तल झाली. इराण-अरबस्तानातून आलेले आफाकी सरदार कोकणातली मोहीम हरून, सेनापती मलिक-उत-तुज्जार गमावून, चाकणच्या गढीत परतले. दख्खनी सरदारांनी सुलतानाचे कान भरले की हे फितूर आहेत. वेढा पडला. मग जिवाच्या अभयाची शपथ देऊन बाहेर काढलं, जेवायला बसवलं आणि कापलं. मुसलमानांनी मुसलमानांना.

ही हकिकत फिरिश्ता सांगतो. आणि इथं भाच्याची रीत कामी येते: फिरिश्ता कोण? अस्तराबादेत जन्मलेला, लहानपणी अहमदनगरला आलेला, पुढं विजापूर दरबारी लिहिणारा. म्हणजे स्वतः आफाकी, आणि घटनेनंतर दीड शतकानं लिहिणारा. मेलेले त्याच्या गटाचे. त्याला खोटं ठरवायला हे पुरेसं नाही, पण वाचताना एक डोळा उघडा ठेवायला पुरेसं आहे. भाच्याला हे सांगितलं तर तो पटकन म्हणाला, "म्हणजे मामू, दख्खनी लोकांचं पुस्तक मिळालं तरच कळणार." चाकणला रोज जातो पोरगा, हे पहिल्यांदा ऐकलं त्यानं. आम्हा मास्तरांचं अपयश, दुसऱ्या कुणाचं नाही.

मी गेमची जाहिरात करतोय असं कुणी म्हणेल. नाही बाबा. भाच्याची फजर कितीदा जाते ते मला माहीत आहे, आणि त्याची अम्मी, माझी आपा, त्यावरून माझ्याशी भांडते तेही बरोबरच आहे. पैसे लावून खेळायच्या रमीनं या पट्ट्यातली किती घरं बसवली ते आपण पाहिलंय; २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यावर कायदा झाला तो उशिरानंच. पण जुगार आणि हार्कन एका पोत्यात भरू नका. आणि मोबाइल काढून घेतला की पोरगा शहाणा होतो हेही मानू नका. त्या दोन पोरांच्या बापांचे मोबाइल कोण काढून घेणार?

त्या दोघांना मी शिक्षा म्हणून एक-एक पान दिलं. विषय: 'कुठला पुरावा मिळाला तर मी माझं मत बदलीन?' चिखलीच्या पोरानं चार ओळी लिहून पान परत केलं. काळेवाडीच्यानं कोरंच दिलं. म्हणाला, सर, सुचत नाही.

आठ दिवसांनी चिखलीचा पोरगा मधल्या सुट्टीत वर्गाच्या दाराशी घुटमळत होता. "सर, तो व्लाद पहिल्यांदा तुर्कांच्याच मदतीनं राजा झाला होता, हे खरंय का?" मी म्हटलं, कुठं वाचलंस? म्हणाला, "वाचलं नाही, तुमच्या भाच्याच्या ओळखीतला एक दादा आमच्या सोसायटीत राहतो, तो बोलला." मी म्हटलं, मग त्याला विचार, त्यानं कुठं वाचलं. तो गेला. स्टेटस आता बुलेटचं आहे. दुसऱ्याचं पान अजून कोरं माझ्या ड्रॉवरमध्ये पडलंय, आणि सोमवारी पुन्हा मागणार आहे.